झाशीतला शेनिनचा वेल

सीपरी बाजाराकडे जाताना रेल्वेच्या एका क्वार्टरपुढे ते रोज दिसायचे, हातात छाटणीची कात्री घेऊन. माणूस नाशिककडचा, हे बोलण्यावरूनच कळायचं. नाव मी कधी विचारलं नाही. अंगणात त्यांनी शेनिन ब्लांक लावलं होतं, पांढऱ्या वाइनचं द्राक्ष. शेजारी कुंपणावरून म्हणायचे, "भाईसाहब ने शराब का पेड़ लगाया है." यांची कात्री काही थांबायची नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी गावच्या सवयीने ऑक्टोबरात छाटणी केली. कोवळे फुटवे आले आणि झाशीच्या थंडीने सगळे करपवले. गल्ली हसली. पुढच्या वर्षी त्यांनी जानेवारी सरेपर्यंत वेलाला कात्री लावली नाही. मे संपता संपता घड लटकले.

एका सकाळी त्यांनी माझ्या हातावर चार मणी ठेवले. बारीक, हिरवट, जाड सालीचे. माझं तोंड वाकडं झालं.

"दादा, मानिक चौकात याहून गोड मिळतात हो!"

"मग तिकडची खा. हे द्राक्ष कुणाची मर्जी राखायला लावलेलं नाही. थुंकू नका ताई, नीट चावा."

मी हट्टाने चावत राहिले. आंबटपणा ओसरला आणि मागून पिकल्या पेरूचा वास आला, अगदी नाकापर्यंत.

तेवढ्यात शेजारी कुंपणावरून हसले, "खट्टे हैं न, बहनजी?"

मी त्यांच्यापुढे उरलेला मणी धरला. "थूकिएगा मत. पूरा चबाइए, फिर बोलिए."