दुपारी येऊन बसलेली बाई

भुताखेतांवर, दृष्टांतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही ख्रिस्ती, तरी चर्चमध्ये कुणी ‘मला दर्शन झालं’ म्हणालं की मी मनातल्या मनात हसायचे. म्हणून हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही कामशेतला राहायचो, स्टेशनमागे, तळमजल्यावर दोन खोल्यांत. दार एकच. माझे मिस्टर, सायमन, यांना पॅरालिसिसचा अटॅक आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी लग्न होऊन नागपूरला. अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं — सगळं माझ्या एकटीवर. पावसात चादरी वाळायच्याही नाहीत. पुढे त्यांना गिळता येईना. पाणीसुद्धा ठसका लागून बाहेर यायचं. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल, उद्या घेऊन या.

त्या दुपारी मी पलंगाजवळ जमिनीवरच बसले आणि म्हणाले, “प्रभू, मी थकले. आता तूच बघ.” प्रार्थना कसली, वैतागच तो.

दारावर थाप पडली. बाहेर साठीची बाई, नऊवारी लुगडं, कपाळाला कुंकू. ओळख ना पाळख.

“बेडसे गावची हाय मी. तुमी पडा वाईच, ताई. मी बसते दादांपाशी.”

“कुणी पाठवलं तुम्हाला?”

“आदी पडा. लय दमलाय तुमी.”

अनोळखी बाईला असं घरात कोण घेतं? मी घेतलं. आतल्या खोलीत गेले आणि आडवी झाले, बस्स.

जाग आली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. सायमनचं अंग पुसलेलं, केस विंचरलेले, चादर बदललेली. उशाशी वाटी, तळाला घोटभर पेज. बाई नव्हती... आणि दाराला आतून कडी होती.

“पेज तुम्ही प्यायलात?” मी विचारलं. त्यांनी मान हलवली — हो. मी उरलेला घोट चमच्याने दिला. गिळला त्यांनी. ठसका नाही, काही नाही.

नळी लागलीच नाही. डॉक्टर म्हणाले, गिळणं कधीकधी परत येतं. येत असेल. पण कडी?

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. मी बेडस्यालाही जाऊन आले. पारावरच्या एका आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अशी बाई न्हाई बघा हितं.”

सायमन बरे झाले नाहीत. वाचा परत आली नाही. नाताळाच्या आधी ते गेले, पण शेवटपर्यंत माझ्या हातची पेज घेत होते. चर्चमधले म्हणतात, देवदूत होता. मला नाही सांगता येत. तिच्या पदराला चुलीच्या धुराचा वास होता, एवढं आठवतं. देवाची दया म्हणतात ती हीच का, तेही ठाऊक नाही. त्या दुपारी मला झोप लागली, आणि मी झोपले असताना त्यांच्यापाशी कुणीतरी जागं होतं.