गणपती झाले की

पालीच्या मृणालीला एमबीए करायचं होतं, आणि अभ्यासाचा आराखडा तिच्याइतका पक्का साऱ्या पंचक्रोशीत कोणाकडे नव्हता. आधी गणित, कारण तेच कच्चं. रोज सकाळी इंग्रजी उतारे. शेवटी शेवटी दर रविवारी सराव परीक्षा. नोव्हेंबरातल्या प्रवेश परीक्षेसाठी वर्षभर आधी लागावं, हेही तिला ठाऊक होतं. घोडं अडत होतं ते एवढ्यावरच, की लागायचं कधी.

आपल्याकडे कुठलंही काम तारखेला सुरू होत नाही. आधीचं काहीतरी उरकल्यावर होतं. तिचे वडील गंगाराम यांची हापूसची कलमं, त्यामुळे उन्हाळाभर मृणाली पेट्या भरायची आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. "आंबा उरकू दे गो," वडील म्हणायचे. मग भाताची लावणी, मग गणपती. गणपती झाले की भात कापणीला यायचं आणि ते घरात येईतो परीक्षा दारात. "आता शिमग्यानंतर नव्याने," असं मृणाली स्वतःच म्हणायची, आणि शिमगा आटोपला की पुन्हा आंबा असायचाच. तिला कोणी अडवलं नव्हतं. तेच तिला पुढे फार टोचलं.

एका गणपतीत देवरूखच्या काकांची शमिका तिच्याशेजारी मोदक वळायला बसली. "ताई, मलाही परीक्षेला बसायचंय. कसं करू?" मृणालीने मोदकाच्या पाकळ्या काढता काढता सगळं समजावलं. त्याच दुपारी पाहुणे जेवून आडवे झाले, आणि शमिका माजघरात गणितं सोडवायला बसली.

"अगो, विसर्जन तरी होऊ दे," मृणाली हसली. शमिकाने पुढचं गणित घेतलं.

शमिका पुढच्या वर्षीच परीक्षा पास झाली. शिकून पुण्यात नोकरीला लागली आणि यंदा सगळ्यांसाठी कपडे घेऊन गणपतीला आली. मृणालीला तिचं कौतुक वाटलं, आणि हेवाही.

गोदाआत्या दर वर्षी आरतीनंतर मृणालीला जवळ बोलावून विचारायची, "काय गो, तुझी परीक्षा कधी?" यंदाही आरती झाली, प्रसाद वाटला. आत्याने शमिकाला शेजारी बसवून ऑफिसची सगळी चौकशी केली. मग ती मृणालीकडे वळली. मृणालीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर तयार होतं.

"मृणाली," आत्या म्हणाली, "पानं मांडायला घे गो."