बाबा आज बरे आहेत

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. शेजारच्या शेवंतावहिनीपाशी नाही, आणि देवापुढे बसूनही नाही — त्याला कळलंच असेल म्हणून टाळलं. तुम्ही सहज विचारलंत, घरून काम करायची संधी आलीय, घेऊ का? मानवेल का मला? इतरांना सांगते तेच तुम्हालाही सांगणार होते — वेगळी खोली हवी, नेट धड हवं, दार लावून घ्यायची सवय हवी. पण जीभच उचलेना.

मी गोव्यातल्या पार्से गावची. नोकरी वास्कोला, जहाजांवर चढणाऱ्या मालाची कागदपत्रं करायची. बस बदलत जायचं, बदलत यायचं; निघताना काळोख, परतताना काळोख. करोनात सगळ्यांबरोबर मीही घरी बसले आणि सुटलेच म्हणा. पुढे ऑफिसनं सगळ्यांना परत बोलावलं तेव्हा बाबांना अर्धांगवायू झाला होता. आई आधीच गेलेली, भावंड नाही. मॅडमनी मला एकटीला सूट दिली. इथवर सगळं खरं आहे, बरं का.

बाबा शिंपी. तेही जन्मभर घरूनच काम करत होते — सोप्यावर मशीन, दार सताड उघडं, अर्धा गाव गप्पांना बसलेला. माणूस असा टापटीप, की आजारपणातसुद्धा सकाळी पोदेर पाव घेऊन यायच्या आधी अंगात धुतलेला सदरा हवा. त्यांनी मला त्रास दिला? छे! आतल्या खोलीतून 'बायो' अशी एक हाक, तीही हळू. मी मीटिंगमध्ये आहे असं कळलं की तीसुद्धा गिळायचे.

मग ते गेले. दुपारी, झोपेतच.

आणि मी — थांबा, सांगते — मी ऑफिसात कळवलं नाही.

त्या दिवशी सुचलं नाही म्हणा. पण दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? सोप्यावर माणसं भेटायला येत होती आणि मी कॅमेरा बंद करून आत कामाला बसले होते. "बापूस गेलो तरी चेडू कामार बसलां," बाहेर कोणी तरी म्हणालं, ते मी ऐकलं. मॅडमनी विचारलं, घरात गडबड कसली? म्हटलं, पाहुणे आलेत. बाबा कसे आहेत? म्हटलं, आज बरे आहेत.

इतकं सोपं असतं हो ते!

पुढे रोजचंच झालं. सकाळची मीटिंग सुरू झाली की कोणी ना कोणी विचारायचं, आणि मी सांगायची — पेज घेतली, झोप लागली. ऑफिसात यायचा विषय निघाला की मी बाबांना पाडायची. न्हाणीत पाडलं. खाटेवरून पाडलं. अंथरूण ओलं करतात, अंगावर ओरडतात, असंही सांगितलं. लोक हळहळले की मला बरं वाटायचं. ज्या माणसानं सदऱ्यावरची सुरकुती कधी खपवून घेतली नाही, त्याचे मी असे धिंडवडे काढले. स्वतःच्या बापाचे. लाज वाटते मला, फार वाटते.

प्रवास नको होता म्हणून केलं? तेही होतंच. पण बाबा कसे आहेत असं विचारणारं दुसरं कोणीच उरलं नव्हतं, आणि मला तो प्रश्न रोज ऐकावासा वाटायचा. सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. दहाव्याला कावळा लगेच शिवला होता. बाबांचा जीव कशात अडकला नव्हता. गेले ते सुखानं गेले.

माझ्या कानाला हेडफोन असतो. घरात काय वाजतं ते मला ऐकू येत नाही — पलीकडच्यांना येतं. एका सकाळी मी बोलत असताना आमच्या ऑफिसातला प्रदीप मध्येच म्हणाला, "तुमचे बाबा बोलावतायत वाटतं. जा बघून या, आम्ही थांबतो." मी हेडफोन काढला. काहीच नाही. माडांची झावळंसुद्धा हलत नव्हती. पण सगळे थांबले होते ना? मग उठले. त्यांच्या खोलीत गेले, रिकाम्या खाटेपाशी उभी राहिले — किती वेळ उभं राहिलं तर पटेल, याचा अंदाज घेत. परत येऊन म्हटलं, पाणी हवं होतं.

प्रदीप हसला. म्हणाला, "तुम्हाला बायो म्हणतात होय घरी?"

हे नाव मी ऑफिसात कधीच, कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर अधूनमधून होऊ लागलं. कधी प्रदीपला ऐकू यायचं, कधी मॅडमना. मी प्रत्येक वेळी उठायची, जायची, उभी राहून परत यायची. पाणी हवं होतं. कूस बदलायची होती. मीटिंगचं रेकॉर्डिंग असतं. लावून ऐकता आलं असतं. नाही ऐकलं. तेवढी छाती नाही माझी. आणि भीती वाटायची तरी सोडवत नव्हतं, हे कोणाला सांगू?

मग मॅडम म्हणाल्या, तुम्हाला कायमचं घरून काम देता येईल, बाबांच्या डॉक्टरांचा कागद तेवढा पाठवा. झालं! गेलेल्या माणसाचा कागद कुठला आणू? तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? सगळं कबूल करून मोकळं व्हावं की नाही?

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी सांगितलं, बाबा वारले.

मॅडमनी विचारलं, कधी?

मी म्हटलं, काल.

काल! बाबांच्या मरणाचा दिवससुद्धा मी खोटा सांगितला. लोक सांत्वन करत होते आणि मी ते घेत होते, डोळेही पुसत होते. सगळ्यांचं झाल्यावर प्रदीप हळूच म्हणाला, "मग आता, तुम्ही बोलताना, मागून बायो म्हणून कोण हाक मारतंय?"

मी माइक बंद केला. हेडफोन कानावर तसाच घट्ट दाबून धरला, आणि या खेपेला उठून गेले नाही.