ढगाखालचा उतार

बत्तीस वर्षं तिने डोंगर काढले आणि एकाही डोंगरावर पाऊल ठेवलं नाही. यात नवल काही नाही. नोटा छापणारेही श्रीमंत नसतात. नकाशा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, त्यांवर दोन भिंगांची छोटी घोडी उभी करायची, दोन्ही डोळे लावायचे आणि जरा दम धरायचा. मग ते दोन सपाट फोटो एकमेकांत विरघळत आणि टेबलावरून डोंगर उठून उभा राही. खरोखर उभा, कड्यांसकट, घळींसकट. चोविसाव्या वर्षी तिने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा एक सुळका डोळ्यात घुसतोय असं वाटून ती खुर्चीसकट मागे सरकली होती. साहेब म्हणाले होते, “सगळेच सरकतात. न सरकणाऱ्याला आम्ही जमाखर्चाकडे पाठवतो.”

त्या डोंगरावर ती रेघा काढी. एकाच उंचीच्या सगळ्या जागा जोडणारी एक रेघ, मग वीस मीटर वरची दुसरी, मग तिसरी. रेघा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की पसरट. एवढं ज्याला कळलं त्याला नकाशा आला. ज्याला कळलं नाही त्याने टॅक्सी करावी.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती सायकलवाल्यांत सामील झाली. वाले कसले, तीन माणसं. एक बेकरीवाला, कायम पुढे राहायचा म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. दुसरी तिची शाळेपासूनची मैत्रीण, दातांची डॉक्टर. तिसरे गणिताचे मास्तर, जे चढावर दम लागला की घड्याळ बघण्याचं निमित्त करून थांबत. सगळे पन्नाशीपुढचे, एकाचेही गुडघे धड नाहीत, आणि उत्साह उतू जाणारा. तिला त्यांनी पहिल्याच दिवशी नकाशाबाई करून टाकलं. वाट फुटली की तिघे तिच्या तोंडाकडे बघत. ती बोट दाखवी तिकडे सायकली वळत. कोणी “नक्की ना?” असंसुद्धा विचारत नसे.

त्या वर्षी कप्तानाने फर्मान काढलं. रविवारचे हे रपेटीचे लाड पुरे झाले. आता जाड टायरच्या सायकली घेऊन खऱ्या डोंगरात जायचं, पाच दिवस. घाईचं कारण त्याचा गुडघा. पावसाळा सरला की शस्त्रक्रिया, आणि मग डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, पण आडरानातल्या उड्या विसरा.

“म्हणजे ही माझी शेवटची उतरण,” तो म्हणाला. “साधीसुधी नको. मनसोक्त हवी.”

बेकरीच्या मागच्या खोलीत दुपारी दोन ते चार भट्टीला विसावा असे. तेवढ्या वेळात बेत आखला जाई. पीठ मळायचं लांबलचक टेबल पुसून त्यावर नकाशा पसरायचा, कोपऱ्यांवर पावाचे पत्र्याचे साचे ठेवायचे. मास्तरांकडे रोजचे किलोमीटर आणि रोजची चढाई. डॉक्टरीणबाईंकडे औषधं आणि मुक्कामाच्या झोपड्या. सामानाची गाडी नकाशाबाईंच्या नवऱ्याने आणायची; त्याला सायकलचं वावडं होतं, पण गाडीत बसून दुसऱ्यांना घामाघूम होताना बघणं त्याला आवडे. आणि मार्ग, अर्थातच, नकाशाबाईंकडे.

तिसऱ्या बैठकीला कप्तान फोन नाचवतच आला.

“चौथा दिवस सापडला! खेचरांची जुनी वाट आपल्याला डोंगराच्या धारेवर नेते. तिथून वाट डावीकडे वळसा घालते, पाच तासांचा. आपण वळसा घालायचा कशाला? समोर बघा. वाट नाही, पण मोकळा उतार आहे. रेघा किती लांब लांब! तुम्हीच शिकवलंत ना, लांब म्हणजे पसरट?”

“मीच शिकवलं,” ती कौतुकाने म्हणाली आणि फोन हातात घेतला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

धारेच्या उत्तरेला आठ रेघा होत्या, सारख्या अंतरावर, शिस्तीत वळलेल्या. वरून तिसऱ्या रेघेला एक बारीक कुसळाएवढी खाच होती. डोंगरात अशी खाच नसते. अशी खाच मागून कोणी खुर्चीला धक्का दिला की रेघ कोरणाऱ्या हातातल्या सुईने पडते.

तिने फोन टेबलावर ठेवला. मग पुन्हा उचलून तीच खाच बघितली.

“काय झालं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “दाढ दुखतेय?”

“नाही. बघते मी. घरी जाऊन बघते.”

घरी नवरा गाडीच्या मागच्या दाराचं रबर चिकटवत बसला होता. जन्मभर औषधांच्या दुकानात उभं राहून त्याला एक सवय लागली होती: माणूस काय मागतोय यापेक्षा त्याला काय झालंय ते बघायची. तिच्याकडे बघून त्याने रबर सोडलं.

“ढग होता,” ती म्हणाली.

त्याने वर आभाळाकडे बघितलं. “कुठे?”

“इथे नाही हो. एकतीस वर्षांपूर्वी.”

मग तिने सांगितलं. फोटोत त्या धारेच्या उत्तरेला नखाएवढा ढग होता. भिंगातून सगळा डोंगर उभा राहायचा आणि तेवढ्या जागी पांढरा कापूस. ढगाच्या अलीकडे आठ रेघा येऊन थांबत, पलीकडे आठ निघत. साहेब म्हणाले, मधलं अंदाजाने जोड, पण तुटक काढ. तुटक म्हणजे खात्री नाही. माणसं जाऊन तपासतील. माणसं गेलीच नाहीत. त्या वर्षी बर्फ लवकर पडलं, पुढच्या वर्षी नकाशा छापायला गेला.

“मग तुटक आहे ना? तुटक बघणाऱ्याला कळायला पाहिजे.”

“आता तुटक नाही.” ती अंगणातल्या पायरीवर बसली. “अकरा वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली. कागद फिरून माझ्याच टेबलावर आला. नवे साहेब म्हणाले, ही तुटक कशाला? म्हटलं, तपासायची राहिली. म्हणाले, अकरा वर्षांत कोणाची तक्रार आली? म्हटलं, नाही. म्हणाले, मग मिटवा. मी मिटवलं. जेवणाच्या सुट्टीआधी, अर्ध्या तासात. अख्ख्या रेघा काढून मोकळी झाले. फोनवाल्यांनी तोच कागद उचललाय.”

“म्हणजे तिथे खाली काय आहे ते...”

“कोणाला माहीत नाही. मलाही नाही. सगळा जन्म उंटावरून शेळ्या हाकल्या मी.”

त्याने डिंकाच्या नळीचं झाकण लावलं. “मग सांगून टाक त्यांना.”

“अहो, सांगून टाक काय! पुन्हा कधी माझ्या बोटाकडे बघतील का ते? आणि कप्तानाची शेवटची उतरण आहे. त्याचा गुडघा...”

“गुडघा मोडायचाच असेल तर डॉक्टरांच्या हातून मोडू दे. तुझ्या रेघेवरून नको.”

ती जेवली नाही. नवऱ्याने तिच्या ताटावर झाकण ठेवलं.

पुढच्या बैठकीला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली आणि चहा यायच्या आत, प्रस्तावना न करता, बोलून मोकळी झाली. उतार माझ्या मनातला आहे. मी काढला, मीच पक्का केला. तिथे उतार असेल, नसेलही.

मास्तरांनी लगेच फोनवर उपग्रहाचा फोटो उघडला, नाक लावून बघितला. “उत्तरेची बाजू. नुसती काळी सावली. यात हत्ती बसला असला तरी दिसायचा नाही.”

“मी एवढी वर्षं दात उपटतेय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण एक्स-रे न काढता कधी अंदाजाने हात घातला नाही.”

“माझी अक्कलदाढ?” मास्तर म्हणाले.

“ती सोडून.”

कप्तान मात्र हसला नाही. साच्यात अडकलेला पावाचा वाळका कपचा तो नखाने खरवडत राहिला. “एवढा मोठा कागद खरा. आणि खोटा निघाला तो नेमका माझा उतार.”

“हो.”

“अंदाज बरोबरही असेल तुमचा. तुमचा हात चांगला आहे.”

“असेलही. पण तो अंदाज आहे. अंदाजावर मी तुला खाली सोडणार नाही.”

“मग राहू दे सगळंच. मी गुडघा कापून घेतो आणि व्हरांड्यात बसतो.”

बाहेर दुकानात कोणीतरी ब्रेड मागत होतं आणि कोणी द्यायला जात नव्हतं. तिच्या मनात आलं, आपण गप्प बसलो असतो तर आत्ता इथे हशा पिकला असता. मग तिने नकाशा स्वतःकडे ओढला.

“हे बघ. धारेपर्यंत जायचंच. सायकली शंभर पावलं मागे आडव्या टाकायच्या. पुढे मी चालत जाणार, एकटी. उतार असला तर हात वर करीन. मग तू जा भुंगाट. नसला तर वळसा, पाच तास. म्हणून खाणं आणि दिवे जास्तीचे घ्यायचे, आणि मुक्काम अलीकडच्या झोपडीत करून पहाटे निघायचं.”

“आणि ठरवणार कोण?”

“मी. कागद माझा आहे.”

कप्तानाने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. “नकाशाबाई, तुम्ही भलत्याच तोंडाळ आहात.” आणि तो ब्रेड द्यायला उठला. मास्तर पेन्सिल काढून वळशाचे किलोमीटर मोजायला लागले. तिने जुन्या कचेरीलाही पत्र लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं: आपला विषय संबंधित शाखेकडे पाठवला आहे. म्हणजे देवाच्या हवाली.

तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. भिंगातून बघताना उंची वाढवून दिसते. ती त्या यंत्राची खोड आहे. तेव्हा खरा डोंगर आपल्या टेबलावरच्यापेक्षा थोडा बुटकाच निघणार, असा हिशोब मनाशी धरून ती निघाली होती. पहिल्या सकाळी झोपडीचं दार उघडलं आणि हिशोब तिथेच कोसळला. दारासमोर आभाळ नव्हतंच. मान मागे, अजून मागे टाकली तेव्हा कुठे आभाळ सुरू झालं. टूथब्रश तोंडात तसाच राहिला. या डोंगराला ती आतून ओळखत होती, त्याच्या प्रत्येक वळणाला तिचा हात लागला होता, आणि तो तिला ओळखत नव्हता. त्याला कोणाशीच ओळख ठेवायची गरज दिसली नाही.

पुढचे तीन दिवस ती फार बोलली नाही. चढावर सायकल ढकलताना मध्येच थांबे, कड्याला तळहात लावून बघे. “तिला दम लागलाय की भक्ती?” कप्तानाने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “गप्प बस आणि चाल.”

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता ते धारेवर पोचले. ठरल्याप्रमाणे सायकली आडव्या पडल्या. ती चालू लागली. पायाखाली आखूड गवत होतं आणि जमीन खरोखर हळूहळू उतरत होती. पन्नास पावलं. शंभर. दीडशे.

“बघा! उतारच आहे!” मागून कप्तान ओरडला.

तिच्याही छातीत आशा उसळली. हात वर करावा असं इतकं वाटलं की उजवा हात खांद्यापर्यंत गेलाही. पण वारा चुकीचा होता. तो समोरून येत नव्हता. खालून येत होता, सरळ हनुवटीवर. ती थांबली. मग गुडघ्यावर बसली, मग पोटावर आडवी झाली, आणि कोपरांवर रांगत पुढे सरकली. गवत संपलं.

तिथे काहीच नव्हतं. डोंगर अर्धा तोडून नेला असावा तसा कडा सरळ खाली गेला होता आणि तळ दिसत नव्हता. समोरच्या भिंतीवरून एक ओढा उडी घेत होता. अर्ध्या वाटेत त्याचं पाणी धूर होत होतं, आणि तो धूर खाली जाण्याऐवजी वर चढत होता, दाट होत होता. तिच्या डोळ्यांदेखत घळीत ढग तयार होत होता. विमान त्या दिवशी दुर्दैवाने ढगावरून गेलं असं ती एकतीस वर्षं समजत होती. ढग वाटेवरचा नव्हता. तो इथलाच होता, रोज सकाळी इथे जन्माला येणारा. खूप खाली दोन पक्षी फिरत होते आणि तिला त्यांच्या पाठी दिसत होत्या. तिच्या आठही रेघा, तिने सभ्यपणे, अंतर राखून मांडलेल्या, इथे एकीवर एक पडून एकच झाल्या असत्या.

तिने हात वर केला नाही. मागे वळून, तळवा जमिनीकडे धरून, सगळ्यांना खाली वाकायची खूण केली.

ते एकेक करून रांगत आले. कप्तान शेवटी, दुखरा गुडघा फरपटत. त्याने काठावरून डोकं बाहेर काढलं आणि हेल्मेटचा पट्टा सोडवायला हात नेला तो तसाच राहिला. सायकलवरून सुटला असता तर किती वेळ हवेत राहिला असता हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण त्याहून दुसरंही काहीतरी होतं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं.

“किती खोल?” त्याने कुजबुजत विचारलं.

जन्मभर लोकांनी तिला हाच प्रश्न विचारला होता आणि तिने प्रत्येक वेळी आकडा सांगितला होता.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

चौघे काठावर ओळीने पालथे पडून राहिले. पुढे पाच तासांचा वळसा होता. मास्तरांनी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “चला.”

कोणी उठलं नाही. तीही नाही.