जवारीचा दोरा

ती घटना आठवायला मला कधी कष्ट पडले नाहीत. कोणी तंबोरा जुळवायला बसले की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. घरच्यांचा समज असा की पोलिसातल्या माणसाला गाण्याचे वावडे असते. मी तो समज कधी खोडला नाही. आता वय झाले आणि त्या प्रकरणातले माझ्याखेरीज कोणी उरले नाही, म्हणून लिहितो. नावे मात्र कोणाचीच घेणार नाही.

संस्थानचा काळ होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कोतवालीत मी नुकताच सब-इन्स्पेक्टर झालो होतो. वर्दी नवी, मिशा त्याहून नव्या, आणि चेहऱ्यावरून चोर ओळखतो अशी स्वतःविषयी पक्की खात्री. त्या हिवाळ्यात शहरात सात दिवसांचा जलसा भरला होता. मैदानात मोठा शामियाना. सकाळी चित्रे आणि मातीच्या मूर्तींचे प्रदर्शन, दुपारी नकला, संध्याकाळी गाणे. शेवटच्या दिवशी सकाळी शहरातल्या सर्वांत ज्येष्ठ गवयांच्या गाण्याने समाप्ती व्हायची होती. त्यांना सगळे बुवा म्हणत. मीही तेच म्हणतो. आमचे काम म्हणजे खिसेकापूंवर नजर ठेवणे, टांग्यांची रांग लावणे आणि पुढच्या खुर्च्यांवर भलती माणसे बसू न देणे. यातले तिसरे सर्वांत अवघड.

बुवा सत्तरीचे होते. वाडवडील दख्खनेतून आलेले, दरबारात मान. त्यांच्याकडे काही चिजा अशा होत्या की मैफलीत ते त्या अर्ध्याच गात. स्थायी म्हणत आणि अंतरा, म्हणजे चिजेचा पुढचा भाग, गिळून टाकत. ऐकणाऱ्याने उचलू नये म्हणून. गवयांत तेव्हा ही रीत होती आणि कोणाला त्यात वावगे वाटत नसे. मुलगा तरुणपणीच गेला होता. शिष्य एकही टिकला नव्हता. घरी चाळिशीची विधवा मुलगी होती, तिला सगळे आक्का म्हणत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शामियान्याच्या खांबाशी उभा होतो. मंचावर एक नकलाकार होता. हा इसम एरवी गवयांचे तंबोरे दुरुस्त करी. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवावा लागतो. तो केसभर इकडेतिकडे झाला तर तार मुकी राहते. नेमक्या जागी बसला की गुंजायला लागते. याला जवारी लावणे म्हणतात, आणि ते काम हाताचे नसून कानाचे. त्याच्या कानाचा शहरभर दबदबा होता. बुवांचे तंबोरेही तोच लावी.

त्याने एकेका गवयाची नक्कल करून लोकांना लोळवले. मग मागून ओरडा सुरू झाला, "बुवा! बुवांची करा!" बुवा पुढच्याच रांगेत होते. त्यांनी हसून मान हलवली. त्याने उपरणे सावरले, बुवांसारखा दोनदा खाकरला आणि गायला लागला. स्थायी संपली तरी तो थांबला नाही. अंतरा म्हणू लागला. मला गाण्यातले काही कळत नव्हते, पण आजूबाजूचे जाणकार हसायचे थांबले एवढे कळले. दोन ओळींनंतर तो एकदम अडखळला, डोळे मिटले आणि डाव्या कानाची पाळी धरली. गवई गुरूचे नाव निघाले की कान धरतात, हे ग्वाल्हेरात कोणाला सांगावे लागत नाही. त्याने ते इतके गंभीर तोंड करून केले की अख्खा मांडव हसून आडवा झाला. मीही पोट धरून हसलो. फक्त बुवा हसत नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी बुवा कोतवालीत हजर.

"चोरी झाली आहे."

"काय गेलं, बुवा?"

"अंतरा."

हवालदाराची लेखणी थांबली. मी हसू दाबून म्हणालो, "अंतऱ्याची फिर्याद कशी लिहून घेऊ, बुवा? वस्तू पाहिजे."

"वस्तूही गेली आहे. पेटीतली वही. माझी नजर गेल्यावर मी सांगत होतो आणि आक्का लिहीत होती. लाल कापडाची बांधणी. काल घरी जाऊन पेटी चाचपली तर वही नाही. त्या नकला करणाऱ्या भांडानं नेली. वही मिळेपर्यंत मी गाणार नाही."

आता ते सरळ प्रकरण झाले. रोजनाम्यात नोंद केली. कोतवालसाहेबांनी मला आत बोलावले आणि दोनच वाक्ये बोलले. "सातव्या दिवशी बुवा मंचावर बसले नाहीत तर दरबारात जाब मला द्यावा लागेल. त्याआधी तुम्ही मला द्याल."

दुपारीच खबर मिळाली. टोपी बाजारात आमचा एक अत्तरवाला होता. येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटाला अत्तर लावता लावता तो सगळे काढून घेई. त्याने सांगितले, "साहेब, तो माणूस दर गुरुवारी बुवांच्या मागच्या दारानं आत जातो. बुवा तेव्हा देवळात असतात. आणि हातात ना तंबोरा असतो, ना औजार." एवढे पुरे होते. मी नकलाकाराला मंचामागून उचलले. अंगझडतीत एक विड्याची डबी, एक लहान पोलादी पाते आणि डाव्या मनगटाला बांधलेला रेशमी दोरा मिळाला. दोरा सोडवताना मात्र त्याने हात मागे घेतला.

"सब रख लीजिए हुज़ूर, यह रहने दीजिए."

"कायदा सगळ्यांना एकच," असे म्हणून मी पात्याने तो कापला. पंचनाम्यात लिहिले, 'दोरा, एक'. तो का बांधला आहे, हे विचारले नाही. घराची झडती घेतली, वही नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी विचारपूस सुरू केली. दीड तास झाला तरी तो गप्प. वही कुठे आहे, गप्प. गुरुवारी कशाला जातोस, गप्प. अनुभवी माणूस अशा वेळी जरा थांबतो. माझा म्हातारा हवालदार मला बाजूला घेऊन म्हणालासुद्धा, "साहेब, मला तर नाही वाटत की यानं चोरली असेल. चोर बोलतो. इतका बोलतो की आपलंच डोकं दुखायला लागतं. हा बिलकुल चूप आहे. मतलब हा कुणाला तरी झाकतोय."

मी त्याला गप्प केले. मला उशीर होत होता.

"बरं, वही राहू दे," मी त्याला म्हणालो. "ही चीज तू कोणाकडून शिकलास? तुझा गुरू कोण, तेवढंच सांग."

त्याने डोळे मिटले आणि डाव्या कानाची पाळी धरली.

दोन दिवसांपूर्वीच्या नकलेतले तेच सोंग. तसेच गंभीर तोंड. मला वाटले, हा कोतवालीत बसून, माझ्या टेबलासमोर, माझी टिंगल करतो आहे. डोक्यात सणक गेली. मी उठलो आणि उलट्या हाताने, होता नव्हता तेवढा जोर लावून, त्याच्या त्या कानावर मारली.

तो ओरडला नाही. बाकावरून खाली गेला आणि सावकाश उठून बसला. बोटांवर रक्त होते. त्याने डाव्या कानाशी चुटकी वाजवली, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तंबोरा तपासावा तसा तो स्वतःला तपासत होता.

"हुज़ूर," तो हळूच म्हणाला, "इस तरफ़ कुछ नहीं आ रहा."

मी स्वतः त्याला टांग्यातून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, पडदा गेला आहे, हा कान आता येणार नाही. मग त्यांनी वर्दीकडे बघत विचारले, "कसं लागलं?"

मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. "नक़ल करते-करते मंच से गिर पड़ा, डॉक्टर साहब."

मी काही बोललो नाही. डॉक्टरांनी तसे लिहून घेतले.

दुपारी कोतवालीच्या दारात टांगा थांबला आणि आक्का उतरल्या. आमच्या मराठी लोकांतली विधवा बाई एकटी कोतवालीत आलेली तोवर कोणी पाहिली नव्हती. पहाऱ्यावरचा शिपाई त्यांना अडवायचेही विसरला. त्यांनी पदराखालून लाल बांधणीची वही काढून टेबलावर ठेवली.

"वही मीच काढून ठेवली होती. तांदळाच्या डब्यात. त्याला सोडा."

मी वही उघडून पाहिली. त्या थांबल्या नाहीत.

"बाबांनी ठरवलंय, ही वही त्यांच्या चितेवर ठेवायची. मी बाई, मला मैफलीत कोण बसू देणार? एकदा जवारी जुळली का ते पाहायला मी तंबोऱ्यावर एक ओळ म्हटली. यानं ती जशीच्या तशी परत दिली. त्या दिवसापासून मी शिकवते आहे. तीन वर्षं झाली. शिष्य केल्याचा गंडा बांधायला लाल धागा घरात नव्हता, तर जवारीचाच दोरा त्याच्या मनगटाला बांधला. परवा लोकांनी बुवा बुवा म्हटलं, तो भानावर राहिला नाही, नको ते तोंडून गेलं. लक्षात आलं तेव्हा त्यानं माझी माफी मागितली. भर मंचावर, कान धरून."

ज्याला मी पोट धरून हसलो होतो ते सोंग नव्हते. ज्यासाठी मी हात उगारला तेही नव्हते. मी त्याला गुरू कोण म्हणून विचारले होते, आणि गुरूचे नाव न सांगता जेवढे सांगता येते तेवढे त्याने सांगितले होते.

बुवांना बोलावून आणले. वही हाताला लागताच त्यांनी ती छातीशी धरली, आणि मुलीने शिकवले हे कळल्यावर ओरडले. "तुझ्या आजोबांपासूनची चीज! त्या नकल्याच्या गळ्यात! माझा अंतरा कुणाला विचारून दिलास?"

"बाबा," आक्का शांतपणे म्हणाल्या, "हा अंतरा आजोबांनी तुम्हाला केव्हा शिकवला, आठवतं का?"

बुवांनी वही आणखी घट्ट धरली.

"लिहायला बसलो तेव्हा तुम्हाला तो आठवेना. तुम्ही रडलात. दुसऱ्या दिवशी मी एक बांधून आणला आणि म्हणाले, बाबा, सापडला. तुम्ही ऐकलात आणि म्हणालात, हाच! अंतरा माझा आहे. आजोबांचा नाही, तुमचाही नाही."

नोकरीत मी माणसांना फाशीची शिक्षा ऐकताना पाहिले आहे. त्यांच्यापैकी कोणाचा चेहरा बुवांसारखा झालेला मला आठवत नाही. मग त्यांनी वही चाचपडत मुलीच्या हातात दिली. "तक्रार नाही," ते म्हणाले. "कुठं आहे तो?"

"दवाखान्यात," मी म्हणालो. "कानाला लागलंय."

आक्का झटकन वळल्या. "कोणत्या?"

"डाव्या."

"जवारी तो डाव्याच कानानं ऐकतो," त्या म्हणाल्या. कसे लागले, हे त्यांनी विचारले नाही. माझ्याकडे पाहिल्यावर विचारायची गरज उरली नसावी.

सातव्या दिवशी सकाळी मांडव फुटेस्तोवर भरला होता. पडद्यामागे मी बंदोबस्ताला होतो. तो आला, कानात कापसाचा बोळा. जप्त केलेला दोरा मी त्याला परत दिला होता. मी कापला तिथे गाठ मारून त्याने तो पुन्हा मनगटाला बांधला होता. बुवांचा तंबोरा मांडीवर घेऊन त्याने घोडीवर नवा दोरा सरकवला, तार छेडली, मान वळवून उजवा कान जवळ नेला. पुन्हा सरकवला. पुन्हा छेडली. एरवी ज्या कामाला त्याला विडा लावण्याइतका वेळ पुरे, तिथे पाव तास गेला. कपाळावर घाम आला. तार मुकीच होती. ते मलासुद्धा कळत होते.

शेवटी त्याने तंबोरा उचलून आक्कांपुढे ठेवला. त्या दिवशी बुवांनी त्यांना साथीला मंचावर बसवायचे ठरवले होते, आणि शहरात त्यावरून काहूर उठले होते. "आप देख लीजिए, गुरुजी," तो म्हणाला. आक्कांनी दोन बोटांनी दोरा हलवला आणि तार बोलू लागली. तेव्हा त्याचा हात सवयीने वर गेला. डावीकडे. कापसाच्या बोळ्याशी जरा थांबला आणि मग त्याने पाळी धरली. त्या वेळी मांडवात कोणी हसले नाही, कारण पाहणारा मी एकटाच होतो.

बुवा गायले. अंतरा आला तेव्हा ते थांबले आणि मागे हात केला. तो आक्कांनी म्हटला, सगळा, मोठ्याने. मी तो उभ्याने ऐकला आणि वर्दीतला माणूस रडत नाही म्हणून खांबाकडे तोंड केले.

पुढे तीस वर्षे नोकरी केली. विचारपुशीत कोणावर हात टाकला नाही, आणि हाताखालच्यांना टाकू दिला नाही. त्यासाठी मला कडक म्हणत, कोणी भित्राही म्हणाले. अंगझडतीत साधा दोरा मिळाला तरी तो कोणी बांधला, हे आधी विचारायचे, हे मात्र फार महागात शिकलो. महाग मला नाही पडले. तंबोरे दुरुस्त करायचे त्याचे काम सुटले. पुढे तो फक्त नकला करी, आणि लोक त्याला हसत.

कागदांत या प्रकरणाचा शेवट 'फिर्यादीने तक्रार मागे घेतली' असा आहे. दवाखान्याच्या कागदात तो मंचावरून पडला आहे. खरी नोंद कुठेच नाही. ती करायचे काम माझे होते, ते मी तेव्हा केले नाही. आज करतो:

विचारपूस चालू असता इसमाच्या डाव्या कानावर मी मारले. इसम निर्दोष होता. त्याने माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते.