येळवशीला हरवलेली पोर

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या भागात पोर हरवणं ही काही बातमी नसते. घरांना कुलपं, सगळं गाव शिवारात, प्रत्येक रानात कडब्याचं खोपटं, त्याला कोप म्हणायचं. बांधावरून कुणीही जाताना दिसलं की हाताला धरून भज्जी-आंबील खायला बसवायचं, ओळखबिळख विचारायची नाही, ही रीत. पोरं या कोपीतून त्या कोपीत जेवत फिरतात आणि दिवस मावळता फुगलेली पोटं घेऊन घरी उगवतात. म्हणून त्या वर्षी माझ्या नणंदेची लेक ऊन कललं तरी दिसेना, तेव्हा घाबरलेली मी एकटीच होते.

पोरगी पहिलीत. आईबाप पुण्याला कामाला, ही आमच्याकडं शाळेला. म्हणजे सांभाळणारी कोण, तर मी. याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता, कारण सरपंचांनी मला गावच्या बाल संरक्षण समितीत घातलेलं. का घातलं, तर हिचं तोंड चालतं म्हणून. प्रशिक्षणाला एकदा तालुक्याला नेलं. पोहे बरे होते, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: पोर सापडेना झालं की ज्याच्याकडं ते सांभाळायला आहे त्यानं लगेच पोलिसांना कळवायचं. वाट बघत बसायचं नाही. पोलिसही मग अपहरण धरूनच नोंद करतात.

आजूबाजूची रानं पालथी घातली. जो तो म्हणे, आत्ता तर इथं होती, जेवून पुढं गेली. घरी दोन घास खायला बाईसाहेबांच्या मागं फिरावं लागतं, आणि इथं कोपीकोपीत पंगती झोडल्या होत्या! नवऱ्याला म्हटलं, ठाण्यात चला. तो म्हणाला, येईल की, जेवत असंल कुठंतरी. चुलतदीर म्हणाले, अपहरण लिहिलं तर गावातल्याच कुणावर संशय जाणार, मग उद्या लोकांना तोंड कसं दाखवायचं? माझं डोकंच फिरलं. पोर गेली कुठं ते सोडून यांना तोंडाची पडलेली.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आत्या म्हणते मी त्यांना. माझा चहा गोड, भाकरी जाड आणि समितीत मिरवणं त्याहून वाईट, असं त्यांचं बारा महिने चालू असतं. मला वाटलं, आता या मला खाली बसवणार. त्यांनी पदर खोचला आणि लेकाला म्हणाल्या, "गाडी काढ. म्या बी येते."

मोटारसायकलवर तिघं, मधे सासू, असे आम्ही कळंबला पोचलो. ठाण्यातले हवालदार स्वतःच नुकते कुणाच्यातरी रानातून जेवून आलेले. म्हणाले, ताई, आज अर्धा तालुका बेपत्ता आहे. पण चेष्टा तेवढीच. लगेच लिहायला घेतलं, अंगावर काय होतं ते विचारलं. पिवळा फ्रॉक, एका पायात चाळ, दुसरा कालच पाडलेला. इकडं फोन, तिकडं फोन, जीप गेली. आत्या बाकावर बसून होत्या. एरवी पोलिसालाही दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या असत्या, पण आज डोळे हवालदारांच्या लिहित्या हातावर.

पोरगी सापडली ओढ्यापलीकडच्या रानात. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या कोपीत, पेंढ्यांच्या मागं वाकळ पांघरून गाढ झोपलेली. त्यांना वाटलं, आपल्याच पाहुण्यांपैकी कुणाची असंल. जीपमधून उतरली, ठाण्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "मामी, इथं बी जेवायचंय का?" सगळे पोट धरून हसले. मी तिला उराशी धरून रडले, मग एक धपाटा घातला. नवऱ्याला जोर आला. झालं का समाधान, म्हणाला. हवालदार म्हणाले, आलात ते बरोबरच केलं, आता पोर सापडल्याची सही करा. मी सही केली आणि निघाले.

आत्या उठल्या नाहीत.

"साहेब, आजून एक पोरगी लिवून घ्या."

मला वाटलं, म्हातारी गोंधळली. नवरा म्हणाला, चल आई. आत्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"माझी थोरली. अशीच येळवशीला गेली. मामंजी म्हणले, जेवत असंल कुठंतरी, येईल. म्या वाट बघत बसले."

नवऱ्याला एक थोरली बहीण होती, लहानपणी तापानं गेली, असं मला लग्न झाल्यापासून सांगत आलेले. त्यालाही तेवढंच माहीत. तो भिंतीला टेकला.

"ताप कुटला," आत्या म्हणाल्या. "लोकांस्नी काय सांगायचं म्हणून ताप सांगितला. हितं कुणी आलंच न्हाय."

इतक्या वर्षांनी काय उपयोग, असं हवालदार म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला.

"अंगावर काय होतं, आजी?"

"हिरवा परकर. केसाला लाल रिबीन, सारखी सुटायची."

त्यांनी लिहिलं. मी पोरीला मांडीवर घेऊन आत्यांच्या शेजारी परत बसले.