काचेवरची आई

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मुलीचा डान्स क्लास सुटेपर्यंत मी शेजारच्या स्टुडिओत डोकवायचो. तिथली चित्रकार इथेच जन्मलेली मराठी बाई होती. नाव मी कधी विचारलं नाही. लोकांनी दिलेले जुने एक्स-रे खिडकीच्या काचेवर चिकटवून ती त्यांतली फुप्फुसं कात्रीने कापून काढायची. कापण्याआधी प्रत्येक फिल्मसमोर श्वास रोखून उभी राहायची, चेहरा लाल होईपर्यंत.

“वियर्ड वाटतं ना, काका? पण फोटो काढताना पेशंटने हेच केलेलं असतं.”

एका शनिवारी मीही एक फिल्म नेली. नागपूरहून आईने तिच्या छातीचा एक्स-रे पाठवला होता, अमेरिकेतल्या डॉक्टरला दाखव म्हणून. आई गेल्यावर तो मला घरात ठेववत नव्हता, टाकवतही नव्हता.

चित्रकार बाईने तो काचेवर लावला आणि श्वास रोखला. बरगड्यांवरून बोट फिरवत राहिली.

“ह्यांनी श्वास अजून होल्ड केलाय, काका. सोडा म्हणून कुणी सांगितलंच नाही. डॉक्टर काय म्हणाले होते?”

“काळजीचं कारण नाही,” असं मी आईला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा एक्स-रेचं पाकीट गाडीच्या डिकीत पडून होतं, न फोडलेलं.

“कुणाला दाखवलाच नाही,” मी म्हणालो.

तिने सावकाश श्वास सोडला आणि फिल्म उतरवून माझ्या हातात दिली. “हा मी कट नाही करणार.”

गाडीत मुलीने ती उजेडात धरली. “बाबा, हू इज धिस?”

मी गाडी सुरू केली नाही. आधी तिला सगळं सांगितलं.